कॅप्टनची चढण

४ मार्च

ठोंब्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी कामाचं.

तुझी पेटी पोचली. मी ऑफिसात होते, शेजारणीने घेऊन ठेवली. वरचा कॅप्टनचा फोटो बरा निवडलास. टोपी जराशी तिरकी आणि चेहरा असा, की आता कुणाची तरी फिरकी घेणार. खाली मोठ्या अक्षरांत, 'कॅप्टनची चढण. घरच्या कॉम्प्युटरवर उडवा, खऱ्या कॅप्टनने स्वतः तपासलेलं प्रवासी विमान.' खोटं कशाला सांगू, पेटी मी जेवणाच्या टेबलावर उभी केली आणि तिच्यासमोर बसून जेवले. कॅप्टन गेल्यापासून वर्षभर मी ओट्याशी उभी राहून जेवतेय, ते तुला माहीत नसेल.

काल सुट्टी होती म्हणून मागच्या खोलीत गेले. त्या खुर्चीत मी इतक्या दिवसांत बसले नव्हते. धूळ झटकली, तिन्ही पडदे चालू केले, तुझं नवं विमान मशीनमध्ये टाकलं आणि कॅप्टन नेहमी भरायचे तसंच भरलं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, पोटात ठासून सामान, टाक्या काठोकाठ, बाहेर कडक ऊन. असं विमान पस्तीस हजार फुटांवर जायला किती वेळ घेतं, हे मला कुणी सांगायला नको. सगळी नोकरी त्यातच गेली माझी. वैमानिकाच्या हातात कागद ठेवायचा, की बाबा रे, आज वजन इतकं, इंधन इतकं, अमुक उंचीपर्यंतच जा, त्यावर हट्ट करू नकोस. सव्वीस मिनिटं लागतात. तूच तर आम्हा दोघांच्या समोर बसून ती बसवली होतीस.

चौदा मिनिटांत पोचले, ठोंब्या! हातातला चहासुद्धा संपला नव्हता.

आधी वाटलं मीच वजन चुकले. पुन्हा भरलं, पुन्हा उडवलं. तेच. तीस हजारांच्या वर जिथे विमानाने धापा टाकायला हव्यात, तिथे ते जिना चढणाऱ्या पोरासारखं टणाटण वर. आणि इंधन मात्र पहिल्याइतकंच जळतंय. तेवढंच खाऊन जास्त काम, असं इंजिन मला आमच्या कंपनीसाठी दोन पाठव.

तुझ्या हातून चुकून भलतीच फाइल पेटीत गेली असणार. होतं असं. पण पेटीवर त्यांचं नाव आहे, म्हणून लगेच दुरुस्त कर आणि मला कळव. फोन मुद्दाम करत नाहीये. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करतोस आणि मी विरघळते. कागदावर तुला सरळ उत्तर द्यावं लागेल.

अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोला सांग, पेटीच्या कागदाचा रंग मला आवडला.

तुझी ताई


१३ मार्च

ठोंब्या,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. मी आठवडाभर वाट बघितली आणि तू चार ओळींत मला गुंडाळलंस.

'ताई, चूक नाही. लोकांना जमत नव्हतं म्हणून इंजिनात थोडा दम वाढवला. ही चढण भावोजींनीच पास केलेली आहे. फार विचार करू नकोस, तब्येतीला जप.'

तब्येतीला जप! केसाने गळा कापायचा आणि वर विचारायचं, दुखलं तर नाही ना?

लोकांना काय जमत नव्हतं, ते मला माहीत आहे. तुझ्या चाचणीवाल्या मंडळींची पत्रं तू मला हसत हसत वाचून दाखवली होतीस. 'हे विमान आहे की विटांचा ट्रक?' असं लिहिणारा तो एक. या हौशी मंडळींची चूक ठरलेली. विमान गळ्यापर्यंत भरायचं, एक बटण फिरवून हुकूम सोडायचा, 'मिनिटाला दोन हजार फूट चढ', आणि आपण उठून जेवायला जायचं. विमान बिचारं अंगात दम आहे तोवर हुकूम पाळतं. मग हवा विरळ होते, दम संपतो, आणि हुकूम पाळायला ते स्वतःचा पुढचा वेग खायला लागतं. नाक वर, वेग खाली, आणि हे जेवून परत येतात तेव्हा ते दगडासारखं कोसळत असतं. मग विमान वाईट! कॅप्टन तुला काय सांगायचे? वेग तेवढा सांभाळ, चढण ती देईल तेवढीच घे. मागून घ्यायची नाही. पाठ होतं ना तुला हे? तू ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापणार होतास.

आणि म्हणे त्यांनी पास केली. अरे, कुणाबद्दल बोलतोयस? ज्या माणसाने कंपनीच्या मोठ्या साहेबाच्या व्याह्यांच्या सात बॅगा विमानातून उतरवल्या, त्याच्याबद्दल? ती गोष्ट तुला माहीत आहे, पण आज पुन्हा ऐक. मी डिस्पॅचच्या ऑफिसात नवीन होते. विमानातून फोन आला, 'डिस्पॅच, सात बॅगा जास्त आहेत आणि साहेब समोर उभे आहेत. नेऊ की नको?' मी आकडे बघितले आणि म्हटलं, 'नको.' पलीकडून एवढंच आलं, 'बास.' बॅगा उतरल्या. परतल्यावर हा माणूस आमच्या खोलीत आला आणि विचारायला लागला, 'ते नको कोण म्हणालं?' आमचं लग्न त्या 'नको'वर झालंय. त्यानंतर जन्मभर मला 'डिस्पॅच' म्हणायचे आणि मी त्यांना कॅप्टन. तो माणूस इंजिनात फुकटचा दम भरलेलं विमान पास करेल?

पाठीच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी त्यांचा उडायचा परवाना थांबवला, तेव्हा ते तीन आठवडे कुणाशी बोलले नव्हते. तू आलास. भंगारात निघालेल्या विमानाची खुर्ची टेम्पोतून घेऊन आलास, पडदे लावलेस, तारा ओढल्यास. त्या दिवशी मी देवाला नाही, तुला नमस्कार केला असता, लहान आहेस म्हणून थांबले. मग ते आपले रविवार. ते खुर्चीत, मी माझे कागद घेऊन बाजूला, तू कीबोर्डवर. 'इथे म्हातारी दमते,' ते म्हणायचे. विमानाला म्हातारी म्हणायचे. मी आकडा सांगायची, तू बसवायचास, ते पुन्हा उडवायचे. 'अजून दमव. एवढी तरणी नाही ती.' तीस ते पस्तीस हजार, एवढ्या टप्प्यासाठी आपण महिना घालवला. आजारपण होतं, गोळ्या होत्या, रात्री कण्हणं होतं, पण ठोंब्या, मी तेव्हा सुखात होते. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच विमानात होतो.

म्हणून तुला इंजिनात काय भरायचं ते भर. रॉकेट कर त्याचं. मला देणंघेणं नाही. पण त्यांचं नाव काढ, फोटो काढ, 'स्वतः तपासलेलं' काढ. त्यांचं आता एवढंच उरलंय, की हा माणूस खोट्याखाली सही करत नसे. तेही तू विकायला काढलंस.

या महिन्यात नाव निघालं नाही तर तुझ्या प्रकाशकाला मी स्वतः लिहीन, की कॅप्टनने ही चढण कधीच तपासलेली नाही. त्यांची बायको म्हणून लिहीन आणि डिस्पॅच म्हणूनही. तू याच्यापायी नोकरी सोडलीस ते मला ठाऊक आहे. तरीही लिहीन.

आशीर्वाद यावेळी राखून ठेवलेत.

ताई


२४ मार्च

तुला आता काय म्हणून हाक मारू ते कळत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

तू गप्प बसलास. तुझ्या बायकोने फोन केला, 'ताई, ते बोलतच नाहीत, तुम्हीच समजून घ्या.' मूग गिळून बसणं तुला लहानपणापासून छान जमतं. शेजारच्यांची काच फोडलीस तेव्हाही असाच बसला होतास आणि मार मी खाल्ला होता.

मी म्हटलं, प्रकाशकाला नुसतं पत्र कशाला, पुरावाच पाठवू. खरी सव्वीस मिनिटांची म्हातारी त्या मशीनमध्ये कुठेतरी असणारच. शोधायला बसले. तूच केलेला कप्पा सापडला, 'भावोजी' नावाचा. आत बऱ्याच फायली, महिन्यांच्या नावाने. मला वाटलं, शेवटच्या आजारपणातली कुठलीही घेतली तर सगळ्यात पक्की असेल, तोपर्यंत सगळी घासूनपुसून झाली असणार. जानेवारीची उघडली. तेच वजन, तेच ऊन.

नऊ मिनिटं.

बाजारात विकतोयस त्याच्याहूनही खोटी! आणि जानेवारीत कॅप्टन जिवंत होते. त्याच खुर्चीत बसत होते. म्हणजे तुझ्या गिऱ्हाइकांना चौदा मिनिटांना फसवलंस, आणि ज्याने तुला पाठच्या भावासारखं वागवलं त्याला नऊ मिनिटांना?

मला सगळं आठवायला लागलं. मी तेव्हा सकाळची पाळी घेतली होती, दुपारी त्यांच्याजवळ असावं म्हणून. पहाटे उठून जायचं, एक वाजता यायचं, त्यांना भरवायचं. मग तू यायचास आणि मला बळेच शेजारच्या खोलीत झोपायला पाठवायचास. 'ताई, तू जरा पड, मी आहे ना.' मला वाटायचं, केवढा समजूतदार भाऊ! मी पडायचे. भिंतीतून इंजिनाचा आवाज यायचा, तासभर, कधी जास्त. मला कशानेही झोप लागत नव्हती, त्या आवाजाने लागायची. माणूस तासभर बसू शकतोय, म्हणजे अजून आहे जोर, असं मी डॉक्टरांनाही सांगायचे.

आणि तू तिकडे त्यांच्या हातात खेळणं देत होतास. त्या माणसाचं अंग गेलं होतं, पाय गेले होते. डोकं आणि हात तेवढे शाबूत होते, आणि तू त्यांची अशी थट्टा केलीस? त्यांना कळलं नसेल? की गोळ्यांच्या गुंगीत त्यांना कळणार नाही, हा तुझा हिशेब होता? संध्याकाळी मला सांगायचे, 'आज छान चढली म्हातारी.' मी मान हलवायचे. दोघांनाही तू वेड्यात काढत होतास.

मेलेल्या माणसाचं नाव विकलंस, तिथवर मी तुला लोभी म्हटलं असतं आणि सोडलं असतं. जिवंतपणी फसवलंस त्याला माझ्याकडे शब्द नाही. आईने मरताना तुझा हात माझ्या हातात दिला होता. आज तो मी सोडला.

प्रकाशकाला पत्र आज सकाळी टाकलं. पोस्टाच्या पेटीत पडल्याचा आवाज ऐकून मगच ऑफिसला गेले.

उत्तर लिहू नकोस.


२ एप्रिल

ठोंब्या,

काल तू दारात उभा राहिलास तेव्हा तुला आत ये म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. तू बूट न काढता आत आलास, फोन टेबलावर त्या पेटीशेजारी ठेवलास आणि म्हणालास, 'शिव्या नंतर घाल, आधी हे ऐक.' तुझी सवय, कॅप्टन काय काय सांगतात ते विसरायला नको म्हणून बोलणं फोनमध्ये भरून ठेवायची.

त्यांचा आवाज. वर्षभराने.

'ठोंब्या, इंजिनात दम भर रे थोडा.'

'भावोजी, का? बरोबर तर बसलीय.'

'म्हातारी बरोबर बसलीय. मी बसत नाहीये. वर पोचल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय मी, आणि पाठ म्हणते आत्ता ऊठ. बावीस मिनिटांत आण तिला.'

'ताईला कळलं तर?'

'कळता कामा नये. दुपारभर आवाज चालू ठेव. मला खाली गादीवर घे आणि आवाज तेवढा चालू ठेव. बाहेरून तिने विचारलं, किती लागली, तर सव्वीस सांगायचं.' मग खोकला. मग तेच हसणं. 'तिला आकडा खोटा झालेला खपत नाही, माहितीये ना? नवरा मोडला तर एक वेळ चालेल.'

तूही हसलास. ऐकू येतं त्यात. दोघं हसलात.

तू काल रडत रडत म्हणालास, 'ताई, मी त्यांना नाही फसवलं गं.' बरोबर. त्यांना नाही फसवलंस. मी उगीच तुला ते लावलं, ते परत घेते. फसवली गेली ती मी. आणि एकट्या तूच नाही फसवलंस, दोघांनी मिळून.

तुला वाटलं, हे ऐकून मी तुला जवळ घेईन. तसंच होतं ना सगळीकडे. तुझ्या डोळ्यांत दिसत होतं. पण ऐक, मला काय वाटलं ते. मी त्या माणसाला दिवसातून दोनदा कुशीवर वळवत होते, अंग पुसत होते, औषधं मोजत होते. त्यांच्या दुखण्याचा कण न् कण माझ्या ओळखीचा आहे असा माझा समज होता. आणि खरं दुखणं भिंतीपलीकडे गादीवर पडलेलं होतं, तुझ्यासमोर. मला आवाज ऐकवून झोपवत होतात. मी डॉक्टरांना म्हणायची, तासभर बसतात! डॉक्टर माझ्याकडे बघायचे आणि पुढची चिठ्ठी लिहायला लागायचे. त्यांनाही माहीत होतं? हे तुला विचारायचं राहिलं. राहू दे. हो म्हणालास तर मला झेपणार नाही.

मग मी विचारलं, ते तुमचं दोघांचं होतं तर बाजारात का नेलंस? त्यावर तू काय म्हणालास? 'लोक शिव्या घालत होते, तारीख जवळ आली होती, आणि डिसेंबरची ती फाइल तयार होती. चौदा मिनिटांची. मंडळींना आवडली. आणि ताई, पेटीवर खोटं काय आहे? भावोजींनी स्वतःच तपासली होती ती.'

वा रे माझ्या वकिला! तपासली होती खरी. किती वेळ बसवतंय, याची तपासणी. त्यांचं दुखणं डिसेंबरात जिथवर आलं होतं तिथून एक तुकडा कापलास आणि पेटीत भरून, वर त्यांचा हसरा फोटो लावून विकलास. लोक तो उडवतात आणि म्हणतात, काय झकास चढतंय. त्यांच्यासाठी केलंस ते पोटात ठेवायचं होतंस, माझ्यापासूनही लपवायचं ठरलं होतं ना? मग बाजारापासून का नाही लपवलंस?

प्रकाशकाने विमान दुकानातून काढलं, हे तू जाता जाता सांगितलंस. आणि मग बूट घातलेलेच असताना पायाकडे बघत म्हणालास, 'ताई, त्यांना एवढं लिही, की भावोजींनीच करायला सांगितलं होतं. नाहीतर मी संपलो.'

विचार करून सांगते म्हटलं. तू गेल्यावर तुझ्या बुटांची माती पुसली.

ताई


९ एप्रिल

ठोंब्या,

विचार झाला. उत्तर नाही असं आहे.

तुला खोटारडा म्हणतायत, ते तू नाहीस, निदान तेवढ्यापुरता नाहीस. मला ठाऊक आहे. पण तुला सोडवायचं तर मला लिहावं लागेल, की कॅप्टन चौदा मिनिटांच्या वर खुर्चीत बसू शकत नव्हते. हे मी कुणा प्रकाशकाला लिहून देणार नाही. त्यांच्या बायकोला जे कळू दिलं नाही ते त्याच्या ऑफिसातल्या कारकुनाने का वाचावं? तू त्यांना शब्द दिला होतास ना गप्प बसायचा? मग आता बस. महाग पडतंय, पडू दे. मलाही स्वस्त पडलेलं नाही.

उपाशी मरू देणार नाही तुला. माझे सगळे कागद आहेत, चढण मी पुन्हा बसवून देईन, सव्वीस मिनिटांची. विक ती खुशाल. कुणी विटांचा ट्रक म्हटलं तर म्हणू दे. पेटीवर फोटो नाही, नाव नाही, आणि माझंही नको. रविवारी ये. बूट बाहेर काढून ये. एवढ्यावरून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. रागवायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही मला, म्हणून ये म्हणतेय.

आणि त्यांच्यावर कुठे रागावू? पेटी उलटी करून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, दोन दिवस. मग वाटलं, मेलेल्या माणसाला कोपऱ्यात उभं करणारी मी कोण मास्तरीण. पण राग आहे. मला विचारायचं होतं ना एकदा! 'डिस्पॅच, दुखतंय. वर जाऊ की नको?' मी म्हटलं असतं, 'नको.' जन्मभर ऐकलं माझं, आणि याच वेळी नेमकं विचारलं नाही. मी नको म्हणेन हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नसेल. असा कसा रे हा माणूस? जन्मभर त्याला अहोजाहो केलं आणि हे फळ?

आता जे सांगायचं ते. काल दुपारी मी त्या कप्प्यातल्या सगळ्या फायली ओळीने उडवल्या. सप्टेंबरची सव्वीस. ती आपल्या तिघांची. ऑक्टोबरची बावीस. नोव्हेंबरात दोन आहेत, एक एकोणीस, एक सतरा. डिसेंबरची ती तुझी चौदा. पुढे अकरा. मग जानेवारीची नऊ. प्रत्येक वेळी मी त्या खुर्चीत ताठ बसून वर गेले, पट्टा बांधून, त्यांच्यासारखी. खुर्ची फार कडक आहे, ठोंब्या. उशी का नव्हती घातलीस? त्यांनीच नको म्हटलं असेल.

माझ्या घरात, माझ्या भिंतीपलीकडे तो माणूस असा महिन्यामहिन्याने आटत गेला, आणि मला एक दिवसाचीही खबर नव्हती.

मग फेब्रुवारीची उघडली. ते गेले त्या आठवड्यातली. हिच्याबद्दल तू आलास तेव्हा काही बोलला नाहीस. मी सवयीने धावपट्टी दिसायची वाट बघत हात पुढे करून बसले. धावपट्टी नव्हतीच. पडदे उजळले तेव्हा विमान आधीच वर होतं. पस्तीस हजार फूट, वेग बरोबर, नाक सरळ, खाली ढग. काही करायचं शिल्लक नव्हतं. चढणच नव्हती तिच्यात.

ती दुपार मला आठवते. इंजिनाचा आवाज सुरू झाला आणि माझा डोळा लागला. जरा वेळाने भिंतीपलीकडून हाक आली, 'डिस्पॅच, पोचलो.'

मी अंथरुणातूनच विचारलं, 'किती लागली?'

'सव्वीस,' ते म्हणाले.

आणि मी म्हटलं, 'शाब्बास, कॅप्टन.'

ताई